वारसा, मृत्युपत्र आणि वकील पांडुरंग वामन काणे



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय कळवावयास सांगितले, तेव्हा आम्ही किमान वेतन किंवा कंत्राटी कामगार असा एखादा विषय घेऊ अशी त्यांची समजूत असावी. आम्ही वारसा आणि मृत्युपत्र हा विषय कळविला, आणि त्यासोबत कै. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचे नाव जोडले. त्यावर एका मित्राने विचारले, की युनियनच्या माणसाला इस्टेटीचे काय पडले आहे? ज्यांच्याजवळ इस्टेट आहे ते वकील गाठतील. आपल्या माणसांजवळ वाटून घ्यावयास आहे तरी काय?

हा प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर प्रथम देतो. आज साधा कामगार मरतो तेव्हा त्याच्या मागे बरेच काही उरते. भविष्यनिर्वाह निधी असतो, ग्रॅच्युइटी असते, विम्याची पॉलिसी असते, सोसायटीतील भाग असतात, भाड्याची किंवा मालकीची खोली असते, आणि गावाकडे चार भावांच्या नावाने चाललेला सातबाराचा उतारा असतो. हे सारे तीस-पस्तीस वर्षांच्या मजुरीचेच घट्ट झालेले रूप होय. पगार वाढावा म्हणून आम्ही कारखान्याच्या दारात उभे राहतो, आणि त्याच पगारातून साठलेली रक्कम कामगाराच्या मागे त्याच्या बायकोला वर्ष वर्ष मिळत नाही. जी मजुरी जिवंतपणी लढून मिळविली, ती मेल्यावर कोणाच्या हाती जाते, हा प्रश्न कामगार चळवळीचा नव्हे तर कोणाचा?

या प्रश्नाच्या मागे लागून आम्ही कायदा वाचू लागलो. आमची शाळा नववीत सुटली. इंग्रजी आम्ही शिकलो ते कोर्टाच्या नोटिसा आणि कामगार कायद्यांची पुस्तके वाचून, शेजारी शब्दकोश उघडा ठेवून. तशाच वाचनात वारशाच्या कायद्याविषयी चौकशी करता करता काण्यांच्या ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ या ग्रंथाचा तिसरा खंड हाती आला. आमच्यासारख्याने तो समग्र वाचला असे म्हणणे धाडसाचे होईल; परंतु त्यातील दायविभागाचे प्रकरण आम्ही पुन्हा पुन्हा वाचले आहे. धर्मशास्त्र म्हणजे सोवळेओवळे एवढीच आमची कल्पना होती. हा मनुष्य तर जमिनीची वाटणी, विधवेचा हिस्सा, बहिणीचा हक्क आणि कर्जाची फेड यांविषयी बोलत होता. हे आमच्या रोजच्या तक्रारींचेच विषय होते.

काण्यांचा जन्म ७ मे १८८० रोजी चिपळूणजवळ परशुराम-पेढे येथे झाला. वडील दापोलीस वकिली करीत. मुलाचे शालेय शिक्षण दापोलीच्या मिशन शाळेत झाले आणि पुढचे मुंबईच्या विल्सन कॉलेजात. संस्कृतात पारितोषिके मिळवीत त्यांनी एम. ए. केले आणि त्याबरोबर कायद्याच्याही परीक्षा दिल्या. प्रथम रत्नागिरीस आणि मग मुंबईस ते सरकारी शाळेत शिक्षक होते. पुढे बढतीच्या बाबतीत आपल्याला न्याय मिळत नाही असे पाहून त्यांनी सरकारी नोकरीवर पाणी सोडले आणि १९११ साली मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. त्या वेळी त्यांचे वय एकतीस वर्षांचे होते आणि पाठीशी भांडवल नव्हते. नोकरी सोडणे म्हणजे काय हे आमच्या श्रोत्यांपैकी अनेकांना ठाऊक आहे. त्यामुळे या निर्णयाचे मोल त्यांना वेगळे सांगावयास नको.

वकिली करीत असतानाच १९१७ ते १९२३ या काळात ते सरकारी लॉ कॉलेजात कायदा शिकवीत. म्हणजे दिवसा कोर्ट, नंतर वर्ग, आणि उरलेल्या वेळात ग्रंथलेखन असा त्यांचा क्रम राहिला. गिरगावातील आंग्रेवाडीत त्यांचे बिऱ्हाड होते. पोटाच्या जुन्या विकाराने त्यांना आयुष्यभर छळले. हे आम्ही त्यांची कीव यावी म्हणून सांगत नाही. पुष्कळांची अशी समजूत असते, की मोठी विद्या ही फावल्या वेळात, गाद्यागिरद्यांवर बसून होते. येथे तसा प्रकार नव्हता. पोटासाठी अशिलांची कामे करणारा एक मनुष्य आपल्या धंद्यातल्याच एका प्रश्नाच्या मुळाशी जाऊ लागला, आणि त्यातून हे काम उभे राहिले.

तो प्रश्न होता वारशाचा. ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती काण्यांनी तयार केली, आणि ती १९२६ साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रसिद्ध केली. या ग्रंथाला धर्मशास्त्राच्या इतिहासाची एक प्रस्तावना जोडावी असा त्यांचा विचार होता. प्रस्तावना काही केल्या आवरेना, तेव्हा तिचा स्वतंत्र ग्रंथ करावयाचे ठरले. पहिला खंड १९३० साली निघाला, त्या वेळी काणे पन्नाशीत होते. पुढचे खंड १९४१, १९४६ आणि १९५३ साली आले, आणि पाचव्या खंडाचा शेवटचा भाग १९६२ साली बाहेर पडला, तेव्हा त्यांचे वय ब्याऐंशी होते. एकंदर पृष्ठे साडेसहा हजारांच्या घरात गेली. १९५६ साली चौथ्या खंडास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९६३ साली त्यांना भारतरत्न देण्यात आले. १९७२ साली ते वारले. एका प्रस्तावनेतून इतके मोठे काम निघाल्याची दुसरी उदाहरणे थोडीच सापडतील.

आता हा ‘व्यवहारमयूख’ काय आहे, आणि मुंबईच्या वकिलाला त्याची गरज का पडावी? हा ग्रंथ सतराव्या शतकात काशीस नीलकंठभट्टांनी लिहिला. घराणे मूळचे पैठणचे. शिवाजी महाराजांना १६७४ साली राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच घराण्यातले. इंग्रजांचे राज्य आल्यावर हिंदूंच्या वारशाचे खटले त्यांच्याच शास्त्राप्रमाणे चालवावे असे ठरले. आणि मग कोणते शास्त्र, हा प्रश्न निघाला. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण येथे नीलकंठाच्या मयूखाला पहिले स्थान मिळाले. आपल्या पुणे-सातारा भागात विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ प्रथम आणि मयूख त्याखाली, अशी व्यवस्था झाली. विज्ञानेश्वर हा चालुक्यांच्या कल्याणीचा, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याणचा. तेव्हा आपल्या आजोबा-पणजोबांच्या वाड्यांच्या वाटण्या कल्याणीच्या आणि पैठणच्या पंडितांच्या शब्दांवर झाल्या आहेत, असे म्हणण्यास हरकत नाही.

काण्यांच्या आधी हे काम दुसऱ्या एका वकिलाने हाती घेतले होते. ते रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक. हेही दापोली तालुक्यातले, मुरूडचे, जन्म १८३३. ते उच्च न्यायालयात वकिली करीत, १८६४ साली त्यांनी ‘नेटिव्ह ओपिनियन’ हे पत्र काढले, आणि १८८० साली व्यवहारमयूखाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. सुधारणेच्या बाबतीत ते जुन्या मताचे होते. परंतु अशिलाला त्याचा हक्क कोठून येतो हे मुळातून दाखवावे, ही त्यांची वृत्ती होती. त्यांच्या नावाचे सुवर्णपदक मुंबई विद्यापीठाचे तरुण पदवीधर काणे यांनी मिळविले होते. मयूखाचे काम अशा रीतीने एका वकिलाकडून दुसऱ्याकडे आले. त्यात रक्ताचे नाते नव्हते, मृत्युपत्रही नव्हते.

या जोडीला आणखी एक नाव घ्यावयास हवे. दिनशा फरदुनजी मुल्ला (१८६८–१९३४) हे पारशी गृहस्थ. पण हिंदू कायदा आणि मुसलमानी कायदा या दोहोंवर त्यांनी लिहिलेली पुस्तके आजही वकिलाच्या टेबलावर दिसतात. कोर्टात उभे राहताना लागणारे सार मुल्लांच्या पुस्तकात मिळते. तो नियम कोठून आला, केव्हा बदलला आणि कोणी बदलला, हे काणे सांगतात. आम्हांला दुसऱ्या प्रकारच्या ज्ञानाची ओढ अधिक वाटते, कारण नियम पूर्वी बदलला होता हे कळले, की तो पुढेही बदलता येईल हा धीर माणसाला येतो.

एक उदाहरण घेऊ. आपल्या जुन्या शास्त्रात मृत्युपत्र म्हणून काही नव्हते. याचे कारण सरळ आहे. मिताक्षरेप्रमाणे वडिलार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो. जे मुलाचे आधीच झाले आहे, ते बाप मरताना दुसऱ्याला लिहून कसे देणार? बंगालात जीमूतवाहनाच्या ‘दायभागा’प्रमाणे मुलाचा हक्क बापाच्या मृत्यूनंतर निर्माण होई, तेथे बाप अधिक मोकळा होता. इंग्रजी अमलात मोठ्या शहरांतून मृत्युपत्रे होऊ लागली, १८७० साली हिंदू मृत्युपत्रांचा पहिला कायदा झाला, आणि १९२५ चा भारतीय वारसा कायदा व त्याची लगेच झालेली दुरुस्ती यांमुळे १ जानेवारी १९२७ पासून कोणत्याही हिंदूचे मृत्युपत्र लेखी आणि साक्षांकित असावे असे ठरले. एकत्र कुटुंबातील आपला हिस्सा मृत्युपत्राने देण्याची मुभा मात्र १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने प्रथम दिली. म्हणजे ज्याला आपण फार जुनी चाल समजतो, ते मृत्युपत्र आपल्याकडे कालपरवा आलेले आहे.

दुसरे उदाहरण बहिणीचे. नीलकंठभट्टांनी बहिणीला वारसांच्या क्रमात बरेच वरचे स्थान दिले. त्यांचे म्हणणे असे, की बहीणही भावाच्याच गोत्रात जन्मली, मग तिला परकी का म्हणावे? याच आधाराने मुंबई इलाख्यात बहिणीचा क्रम पुष्कळ वर लागला. मुलीला बापाकडून मिळालेली मिळकतही या इलाख्यात तिच्या पूर्ण मालकीची मानली जाई; इतर प्रांतांत ती केवळ हयातीपुरती असे. सतराव्या शतकातल्या काशीच्या पंडिताला जे सुचले, ते आज शनिवार पेठेत आपल्याला सुचते काय, हा प्रश्न आम्ही आदराने विचारतो. कारण वाडा विकसकाला द्यावयाचा ठरला, की पहिले काम कोणते होते? बहिणींना बोलावून हक्कसोडपत्रावर सह्या घेणे. बहीण मुकाट्याने सही करते. कायदा तिला ठाऊक नसतो असे नव्हे. “नाही म्हटले तर माहेर तुटेल, दादा. दिवाळीला जायचे कुठे?” असे आमच्याच एका सभासद बाईने आम्हांला सांगितले. हक्क सोडणे हाही तिचा हक्क आहे. पण माहेर चालू राहण्याची किंमत म्हणून तो सोडावा लागत असेल, तर त्याला राजीखुशी म्हणता येणार नाही.

हा कायदा बदलण्यात पुण्याचाही भाग आहे. १९४४ साली हिंदू कायद्याच्या संहितेसाठी बेनेगल नरसिंह राव यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, तिच्या सभासदांत पुण्याच्या लॉ कॉलेजचे पहिले प्राचार्य ज. र. घारपुरे होते. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिलासाठी शर्थ केली, आणि ते रखडल्यावर १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला. बाबासाहेबांनी आपल्या लेखनात काण्यांच्या संशोधनाचा आधार घेतला आहे, हेही येथे नमूद करण्याजोगे आहे. पुढे त्या बिलाचे तुकडे करून कायदे झाले. हिंदू वारसा कायदा १९५६ साली संमत झाला, तेव्हा काणे राज्यसभेचे नियुक्त सभासद होते. त्या कायद्याने विधवेची मिळकत तिच्या पूर्ण मालकीची झाली, आणि मृत्युपत्र न करता मेलेल्या पुरुषाच्या मागे मुलगा, मुलगी, विधवा व आई यांना पहिल्या वर्गात समान स्थान मिळाले. वडिलार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क मिळावयास आणखी वेळ लागला. महाराष्ट्राने १९९४ साली काही अंशी तो दिला, साऱ्या देशात ९ सप्टेंबर २००५ पासून तो लागू झाला, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले.

तिसऱ्या खंडाचा शेवटचा विषय सदाचार, म्हणजे रूढी, हा आहे, आणि त्याकडे आम्ही आपले लक्ष मुद्दाम वेधतो. काण्यांच्या ग्रंथावर एक आक्षेप आम्ही ऐकला आहे, की ही सारी ब्राह्मणी शास्त्रे. कष्टकरी जातींचा त्यांच्याशी काय संबंध? आक्षेपात तथ्य आहे. कष्टकऱ्यांचे व्यवहार पोथीपेक्षा जातीच्या रूढीने चालत. म्हणूनच एल्फिन्स्टनच्या काळात दख्खनच्या जातींच्या चालीरीती गोळा करण्यात आल्या, आणि आर्थर स्टीलचे ते पुस्तक १८२७ साली छापले गेले. पण काण्यांनीही शास्त्र आणि रूढी यांतला झगडा झाकून ठेवलेला नाही. शास्त्रकारांची परस्परविरुद्ध मते ते शेजारी शेजारी मांडतात. जो मनुष्य विरोधी पुरावा दडवीत नाही, त्याच्या ग्रंथाचा उपयोग त्याच्या विरुद्ध पक्षालाही होतो.

आता आमच्या कामातल्या दोन हकिगती सांगतो. नावे सांगणार नाही.

एका छापखान्यात एक कंपोझिटर होता. नोकरीला लागला तेव्हा अविवाहित. भविष्यनिर्वाह निधीच्या अर्जात त्याने आईचे नाव घातले. पुढे लग्न झाले, दोन मुली झाल्या. अर्ज बदलावयाचा राहिला. १९५२ च्या योजनेत असा नियम ठेवलेला आहे, की कुटुंब नसताना केलेले नामनिर्देशन कुटुंब झाल्यावर बाद होते आणि नवे करावे लागते. तो मनुष्य अचानक वारला. सासू आणि सून एकाच खोलीत राहत होत्या, दोघींत भांडण नव्हते; तरी पैसे निघण्यास चौदा महिने लागले. दाखले, जबाब, पुन्हा दाखले. मोठ्या मुलीचे कॉलेज त्या वर्षी सुटले. त्या वहिनींनी आम्हांला विचारले, “दादा, ते तर सगळ्यांची पानं जुळवायचे, मग स्वतःचा एक कागद कसा राहिला हो?” याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. ती एका माणसाची हयगय आहे असेही आम्ही मानीत नाही. लग्नाची पत्रिका वाटताना नामनिर्देशनाचा अर्ज बदलावा, अशी चाल आपल्याकडे कोणी पाडलीच नाही.

दुसरी हकिगत एका घरकाम करणाऱ्या मावशींची. तरुणपणी वैधव्य आले, मूलबाळ नाही. सासरच्यांनी पाठ फिरविली. नदीकाठच्या पेठांतून चाळीस वर्षे धुणीभांडी केली आणि भावाच्या मुलीला लहानाची मोठी केली. बँकेत ठेव होती. मृत्युपत्र नव्हते. १९५६ च्या कायद्याचे पंधरावे कलम असे आहे, की हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता मेली, तर प्रथम मुले आणि नवरा. ते नसतील तर नवऱ्याचे वारस. आणि त्यानंतर तिचे आईबाप. माहेरून वारशाने आलेली मिळकत मूल नसल्यास माहेरी परत जाते. पण स्वतः घाम गाळून मिळविलेली रक्कम नवऱ्याच्या वारसांकडे जाते. वीस वर्षे तोंड न दाखविलेला दिराचा मुलगा कागद घेऊन आला. कायदा त्याच्या बाजूला होता. ज्या मुलीने शेवटची दोन वर्षे तिचे अंथरूण काढले, तिला काही मिळाले नाही. सर्वोच्च न्यायालयापुढे २००९ साली असाच प्रसंग आला होता: सासरने हाकलून दिलेल्या विधवेची स्वकष्टार्जित मिळकत शेवटी सासरच्याच लोकांकडे गेली. भावनेने कायदा बदलता येत नाही, असा त्या निकालाचा भाव होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने सर्व स्त्रियांना, विशेषतः हिंदू स्त्रियांना, मृत्युपत्र करून ठेवण्याचे आवाहन केले. ते आवाहन धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या कानापर्यंत कोणी न्यावयाचे? ते काम आपणा सर्वांचे आहे.

आमच्या मते पंधरावे कलम बदलले पाहिजे, आणि त्यासाठी संघटनांनी आवाज उठविला पाहिजे. परंतु कायदा बदलेपर्यंत उपाय आपल्या हातात आहे, आणि त्याला फार खर्च नाही. म्हणून व्याख्यानाच्या या भागात आम्ही मृत्युपत्राची रीत सांगतो.

अठरा वर्षे पूर्ण झालेल्या आणि शुद्धीवर असलेल्या कोणाही स्त्रीपुरुषास मृत्युपत्र करता येते. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, मराठीत लिहिलेले चालते. शेवटी सही किंवा अंगठा करावा. तो करताना पाहणारे दोन साक्षीदार असावे, आणि त्यांनीही करणाऱ्याच्या समक्ष सही करावी. ज्याला काही द्यावयाचे आहे त्याला साक्षीदार करू नये. संशयाला जागा राहत नाही. साक्षीदार आपल्याहून वयाने लहान निवडावे, कारण पुढे त्यांचीच साक्ष लागते. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदणी करणे सक्तीचे नाही, पण केलेली बरी. वय झालेले असल्यास डॉक्टरांचा दाखला जोडावा. मृत्युपत्र केव्हाही बदलता येते. शेवटचे तेवढे खरे. खाते कोठे, पावती कोठे, किल्ली कोठे, हेही लिहून ठेवावे. मुसलमान बांधवांचा कायदा निराळा आहे. तेथे सर्वसाधारणपणे वारसांच्या संमतीवाचून एक तृतीयांशाहून अधिक मृत्युपत्राने देता येत नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या पद्धतीप्रमाणे मुलांचा अर्धा वाटा राखीव असतो. तेव्हा ज्याने त्याने आपला कायदा विचारून घ्यावा.

आणखी एक गोष्ट. बँकेच्या खात्यात ज्याचे नाव नामनिर्देशित आहे तोच मालक, अशी सार्वत्रिक समजूत आहे. ती बरोबर नाही. त्याच्या हाती पैसे देऊन बँक मोकळी होते. पुढे ते पैसे वारसांचेच असतात. कंपनीच्या भागांबाबत हेच तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितले आहे. तेव्हा नामनिर्देशन आणि मृत्युपत्र ही दोन्ही हवीत, आणि दोहोंत एकवाक्यता हवी.

आपल्या शनिवार पेठेविषयी दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे पाणी या पेठेत शिरले, तेव्हा भिंतींबरोबर ट्रंकांतले कागदही गेले. पण उरलेल्या वाड्यांची जी दशा आज दिसते, ती साऱ्यांचीच पुराने केलेली नाही. मिळकत पत्रिकेवर पणजोबांचे नाव, खाली वीस-पंचवीस वारस, त्यांतले काही पुण्यात, काही परदेशी, काहींचा पत्ता नाही. दुरुस्ती कोणी करावयाची यावर एकमत नाही. आणि तळमजल्यावर भाडेकरू जीव मुठीत धरून राहत आहे. भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेहक्क मिळतो, असे १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा सांगतो. पण सोबत राहत होतो हे दाखविणारा कागदही लागतोच. मालक असो की भाडेकरू, न लिहिलेल्या इच्छेखाली दोघेही सारखेच चिरडले जातात.

काही वडीलधारी मंडळी म्हणतील, की मृत्युपत्राची भाषा अभद्र. जिवंतपणी मरणाचे बोलू नये. त्यांना आमचे सांगणे असे, की विम्याचा हप्ता आपण जिवंतपणीच भरतो, आणि त्याला कोणी अभद्र म्हणत नाही. दुसरे काही म्हणतील, मुलांत प्रेम आहे, कागद कशाला? प्रेम असेल तेव्हाच कागद करावा. प्रेम आटल्यावर केलेला कागद कोर्टात जातो.

आमच्या संघटनेच्या कचेरीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही एक टेबल मांडतो. कोणीही यावे, आपले अर्ज दाखवावे, नावे तपासून घ्यावी. दोन तरुण वकील तेथे मोबदला न घेता बसतात. पुष्कळ बायका येतात, आणि त्यांतल्या बहुतेकींनी आपल्याजवळ मालमत्ता आहे असा विचार पूर्वी कधी केलेला नसतो. यादी लिहावयास बसल्यावर त्यांना कळते, की गळ्यातले मणी आहेत, भिशीचे पैसे आहेत, शिलाई यंत्र आहे, खात्यावर काही आहे. आपले काय आहे आणि ते कोणाला द्यावयाचे हे बाई स्वतः ठरविते, त्या क्षणी तिच्या बोलण्यातही फरक पडलेला आम्ही पाहिला आहे.

पांडुरंग वामन काण्यांनी आपली विद्या जिथे नेऊन ठेवली, तिथपर्यंत आमचा हात पोहोचणार नाही. पण त्या साडेसहा हजार पृष्ठांच्या मुळाशी वकिलाच्या टेबलावरचा एक साधा प्रश्न होता: हे कोणाचे, आणि का? तो प्रश्न विचारावयास पांडित्य लागत नाही. आज घरी गेल्यावर आपण तो घरात विचारावा, नवऱ्याने बायकोला आणि बायकोने नवऱ्यालाही. अर्ज काढून नावे पाहावी, आणि या महिन्यात दोन साक्षीदार बोलावून एक कागद पुरा करावा. बहिणीची सही घेण्यापूर्वी, तिला खरोखर काय वाटते हे एकदा तिच्या घरी जाऊन विचारावे.